हाकबोयाखालचे कुपे

बोटीतल्या पडद्यावर दोनशे अकरा कुपे, म्हणजे ट्यूना मासे, दिसत होते. ऋजुताने थवा पुन्हा मोजला. पाच किलोंहून मोठा एकही नव्हता.

मालवणपासून बरंच आत, खोल समुद्रात तिने बनवलेला हाकबोया तरंगत होता. कुप्यांचं खाद्य असलेल्या लहान तारली मासळीचा थवा पोहताना जी सळसळ होते, ती हा बोया पाण्याखाली ऐकवी, आणि शिकारी कुपे लांबून धावत येत. मग गळाने मोठे तेवढे उचलायचे, लहान सोडायचे. ही अट ऋजुताचीच. दोन हंगाम बंदरावर तिचं कौतुक चाललं होतं.

यंदा तारली दक्षिणेला सरकली, तरी कुपे इथेच फिरत राहिले, उपाशी. तिकडे तारलीला खालून वर रेटणारं कुणी नव्हतं. ती खोलवरच राहिली आणि सुरय पक्षी रिकाम्या चोचीने परतू लागले.

"आवाज बंद केला तरी हलत नाहीत," ऋजुता म्हणाली. "गेल्या वर्षीचं चित्रण पाहिलं, मामा. थव्याच्या पुढे कायम मोठेच असायचे. वाट त्यांनाच ठाऊक होती."

सुकाणूवरच्या सदानंदमामांनी पडद्याकडे पाहिलं. "आणि ते आमी विकून खाल्ले." मग म्हणाले, "इथे रवले तर मरतले. आता तूच हो त्यांची आजी. बोया बांध बोटीच्या मागे. आपण दाखवया वाट."

बारा कुप्यांच्या पाठीत तिने उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी खुणेची यंत्रं बसवली आणि आवाज सुरू केला. बोट अगदी सावकाश दक्षिणेला निघाली. थवा मागे येत होता.

"चला रे पोरांनो," मामा मागे वळून म्हणत. "तो मागचो बघ, तुझ्यासारखो. शाळेत जाताना असोच रेंगाळायचंस."

तारलीवर पोचताच तिने आवाज बंद केला. कुपे खाली सुटले. तारली उसळून वर आली, पाणी खदखदलं आणि कुठून कुठून सुरय येऊन त्यात सूर मारू लागले. मामांनी टोपी काढून तोंड पुसलं. ऋजुताने बोया बोटीत ओढून घेतला, त्याच्या तारा कापल्या आणि दोघं घरी परतली.

चौथ्या दिवशी उपग्रहावरून खुणा आल्या. बाराही कुपे बोयाच्या जुन्या जागेपासून चाळीस मीटरच्या आत होते.