मी न घेतलेलं नाव

रिकाम्या खोलीत शिरले की मी आधी टाळी वाजवते. वेड नाही, धंदाच आहे माझा. टाळीचा आवाज भिंतींवर आपटून किती वेळ घुमतो, त्यावरून मला त्या खोलीचा स्वभाव कळतो. मग मी सांगते, इथे जाड पडदा लावा, तिथे छताला मऊ फळ्या लावा, म्हणजे माणसांना एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येईल. आवाजाची सल्लागार. स्वतंत्र. म्हणजे ऑफिस नाही, साहेब नाही आणि, आई म्हणते तसं, रविवारही नाही.

तर त्या दुपारी मी एका नव्या दातांच्या दवाखान्यात शिरले. बाहेरच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. मी जोरात तीन टाळ्या वाजवल्या.

"धन्यवाद," वरून आवाज आला. "पण मी अजून काहीच केलेलं नाही."

वर बघितलं तर शिडीच्या टोकावर एक जण बसलेला. केसांत चुना, हातात पिवळा दिवा, आणि तो दिवा नेमका माझ्या तोंडावर. मी डोळ्यांवर हात धरला. त्याने घाईघाईने दिवा वळवला, तो त्याच्याच चेहऱ्यावर पडला, आणि… काय सांगू. हसताना त्याचा एकच डोळा बारीक होत होता. एकच.

"मी खोलीसाठी वाजवल्या," मी म्हटलं.

"हो का? खोली लाजली बघा."

खोली कसली लाजतेय.

तो निघाला प्रकाशाचा सल्लागार, माझ्यासारखाच एकांडा. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाही एकाच छतासाठी बोलावलं होतं आणि दोघांनाही ते सांगितलं नव्हतं. त्याला छतात सोळा दिवे हवे होते, मला तिथेच माझ्या फळ्या. तासभर भांडलो. शेवटी त्याने चार दिवे सोडले, मी दोन फळ्या सोडल्या. महिन्याभराने ती खोली तयार झाली तेव्हा मी तिथे नुसती बसून राहिले. त्याचा प्रकाश भिंतीवरून असा हलकेच उतरत होता, जसं कोणी आवाज न करता शेजारी येऊन बसावं.

तेव्हाच त्याने विचारलं, की सगळं एकट्याच करता? दर किती सांगायचा हे कोणाला विचारता? मी म्हटलं, भिंतीला. तो म्हणाला, मग मंगळवारी या आमच्याकडे, आमच्या भिंती बोलतात.

दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी आठला, ग्रंथालयाच्या माडीवर, अशा एकएकट्या काम करणाऱ्यांचा गट जमायचा. वीसेक माणसं. अध्यक्ष होत्या एक करसल्लागार बाई, ज्यांच्या चष्म्यावरून बघण्याला सगळे टरकून असायचे. सगळ्यात वयस्कर म्हणजे नळ आणि गटारांचे सल्लागार. त्यांना सगळे आजोबाच म्हणायचे. खरं सांगते, महिन्याभरात मला कळलं की मी दोन वर्षं किती वेड्यासारखी एकटी झुंजत होते. बाईंनी माझ्या कराराचा कागद वाचला आणि एका ओळीखाली लाल रेघ मारली. त्या ओळीने मी वर्षभर फुकट खेपा घालणार होते. मला ताप आला तेव्हा आजोबा माझं आवाज मोजायचं यंत्र घेऊन एका गिऱ्हाइकाच्या हॉटेलात गेले आणि सगळी मापं आणून दिली. कोणतं गिऱ्हाईक शेवटच्या दिवशी सगळं बदलायला लावतं, तेही इथेच कळायचं.

पण खरी गंमत शेवटच्या फेरीत. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, की या पंधरवड्यात मी कोणाचं नाव कुठे पुढे केलं. ज्याचं नाव आलं, त्याने उठून आभार मानायचे. नियम दोनच. ज्याचं काम स्वतः पाहिलंय त्याचंच नाव घ्यायचं. आणि नाव आपल्या माणसाचं असेल, भावाचं, मेहुण्याचं, मैत्रिणीचं, तर ते आधी सांगून टाकायचं. ऐकणाऱ्याला तोलता आलं पाहिजे.

दिवेवाल्याने – गटात त्याला हेच म्हणायचे – दोन महिन्यांत माझं नाव चार ठिकाणी पुढे केलं. दर वेळी तो तोंड भरून सांगायचा. "यांचं काम मी पाहिलंय. त्या दवाखान्यात आता बाहेर बसलेल्यांना आतल्याची किंकाळी ऐकू येत नाही." सगळे हसायचे. मी उठून आभार मानायचे आणि माझे कान तापायचे. बसले की शेजारी बसणारी जाहिरातींची सल्लागार मला कोपर मारायची. एकदा आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं, तो एवढा तुझं नाव घेतो. तू कधी घेणार त्याचं?"

माडी हसून हसून लाल झाली. त्याहून लाल मी. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं की यांना चिडवायला काही म्हणजे काही द्यायचं नाही.

आणि मग ती शाळा आली.

शाळेच्या सभागृहात आवाज इतका घुमायचा की मुलांना सूचना कळायच्याच नाहीत. मी ते काम केलं, छान झालं. शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिका मला वाचनालयात घेऊन गेल्या. इथे मुलं डोळे बारीक करून वाचतात, म्हणाल्या, आणि सगळ्या इमारतीचे दिवे बदलायचे आहेत. प्रकाशाचं काम करणारं चांगलं कोणी माहीत आहे का?

त्याचं नाव अगदी जिभेवर आलं. मग डोळ्यांसमोर मंगळवार आला. मी उभी, सगळ्यांनी माना वळवलेल्या, कोपर तयार, आजोबा तयार…

"नाही हो," मी म्हटलं. "तसं कोणी माझ्या ओळखीत नाही."

एवढंच. तीन सेकंदही लागले नसतील. त्या बरं म्हणाल्या, मी यंत्र पिशवीत घातलं. वाटेत स्वतःला समजावलं की त्याला काय, कामं असतीलच. खरं तर आदल्याच आठवड्यात चहा पिताना तो म्हणाला होता की दोन महिने नवं काम नाही, जुनी कंपनी परत बोलावतेय, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. कंपनी दुसऱ्या शहरात. तो हे हसत हसत म्हणाला आणि मीही हसले होते. त्याने कपाला धरलेला हात मात्र हसत नव्हता. ते मला दिसलं होतं. दिसलं होतं, म्हणूनच हे लिहिताना मान खाली जातेय.

पुढच्या मंगळवारी माडीवर पाहुण्या होत्या. मुख्याध्यापिका. अध्यक्षबाईंनीच त्यांना बोलावलं होतं, शाळांना कसले सल्लागार लागतात ते सांगायला. त्यांनी माझं एवढं कौतुक केलं की मी खुर्चीत मावेनाशी झाले. आणि मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "दिव्यांसाठी मात्र मला बाहेर शोधावं लागलं. यांना विचारलं मी, पण यांच्या ओळखीत कोणी नव्हतं. तुमच्याकडे प्रकाशाचं कोणीच कसं नाही?"

कोणी हसलं नाही. कोपर नाही, काही नाही. वीस माणसांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. तिथे एक टवका उडाला होता.

तो उठला. "आहे ना, मी आहे," तो म्हणाला. "या नव्या आहेत इथे. सगळ्यांची कामं अजून त्यांना माहीत नाहीत."

मला झाकलं त्याने. मग फेरी सुरू झाली, त्याची पाळी आली, आणि त्याने ठरलेलं सांगितलं, की एका संगीतशाळेत माझं नाव दिलंय. आवाज नेहमीसारखाच, फक्त विनोद नव्हता. आणि नियमाप्रमाणे मला उठून आभार मानावे लागले. त्या दिवशीच्या धन्यवादाइतका जड शब्द मी आयुष्यात उचललेला नाही.

जिन्यात मी त्याला गाठलं. तो थांबला, पण वळला नाही.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "दवाखान्यातलं माझं काम आवडलं नव्हतं का तुम्हाला? तसं असेल तर सांगा. खरंच चालेल मला."

म्हणजे त्याला वाटलं होतं की मी काम पाहिलं आणि तोलून खाली ठेवलं. तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. "मग?" त्याने विचारलं. वरून बाकीचे उतरत होते, मी बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. तोही त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरून गेला.

घरी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देता देता सगळं सांगितलं. तिने एक चादर झटकून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "लाज नक्की कशाची वाटली तुला? तो आवडतो याची, का लोकांना कळेल याची?"

"लोकांना कळेल याची."

"म्हणजे लोकांनी दोन मिनिटं हसू नये म्हणून एका माणसाचं काम घालवलंस." तिने माझ्या हातातला चिमटा घेतला. "रडू नको. ओल्या कपड्यांत भर नको."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकांना सांगितलं की मी खोटं बोलले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. दिव्यांचं काम सोमवारीच एका दिव्यांच्या दुकानदाराला देऊन झालं होतं, करारासकट. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मुलं खोटं बोलली तर निदान कारण तरी सांगतात. मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला पाणी दिलं.

मग मी माझी सगळी जुनी गिऱ्हाइकं गाठली. फोन नाही, स्वतः गेले. तुमच्या दिव्यांचं कसं काय, असं विचारत. दोघांना मी हाताला धरून त्या दवाखान्यात नेलं आणि बसवलं, काही न बोलता. एक नृत्यवर्गाच्या बाई आणि एक चष्म्याचा दुकानदार. दोघंही हो म्हणाले, भेटू त्यांना. शाळेच्या मानाने कामं चिमुकली. पण होती.

पुढच्या मंगळवारी तो आला, भिंतीकडेच्या खुर्चीत बसला. फेरीत माझी पाळी आली. मी उठले. कान आधीच तापले होते.

"मी दिवेवाल्यांचं नाव दोन ठिकाणी पुढे केलंय," मी म्हटलं. "काम पाहिलंय. दवाखान्यात मी त्यांच्या प्रकाशात तासभर बसले होते, उठवत नव्हतं. शाळेत मात्र त्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. ते काम माझ्यामुळे गेलं." इथे थांबता आलं असतं. "आणि दुसरा नियम. ते माझे नातेवाईक नाहीत, पण… मला ते आवडतात. दोन्ही गिऱ्हाइकांना मी हे सांगितलंय. म्हटलं, माझ्या शब्दावर जाऊ नका, काम बघून ठरवा."

आजोबांनी तोंड उघडलं. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. आजोबांनी तोंड मिटलं.

आता नियमाप्रमाणे त्याने उठायचं होतं. तो उठला. एवढा बोलका माणूस, आणि खुर्चीची पाठ धरून मोजकंच बोलला. म्हणाला, "धन्यवाद. दोन्हीकडे जाईन मी." आणि बसला. मला वाटलं, झालं. एवढंच मिळणार होतं, आणि तेही जास्तच होतं.

खाली फाटकापाशी तो थांबलेला होता.

"शाळेचं वाईट वाटतं मला अजून," तो म्हणाला.

"वाटू दे. मलाही वाटतं."

"आणि कंपनीला काल होकार कळवलाय मी."

मी मान हलवली. माझ्याच तीन सेकंदांची करणी.

"पूर्ण आठवडा मागत होते ते," तो पुढे म्हणाला, रस्त्याकडे बघत. "मी तीन दिवस दिले. गुरुवार ते शनिवार. मंगळवार माझा राहील, ही अट घातली."

"काल? पण… मी तर आज बोलले."

"तू बोलली नसतीस तरी मी येऊन बसणार होतो. तोंड फुगवून."

त्याने मला 'तू' म्हटलं होतं. मी ते ऐकलं, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. निदान प्रयत्न केला. "किती मंगळवार बसला असतास?"

त्याने खरंच मोजलं. "तीन… फार तर चार. मग थकलो असतो."

यावर मला हसूही आलं आणि डोळेही भरले. वर खिडकीत अख्खी माडी गोळा झाली होती आणि आपण दिसत नाही अशा समजुतीत उभी होती. मी बघितलं. बघू दे म्हटलं.

"उद्या दहाला नृत्यवर्ग," तो म्हणाला. "येशील?"

"मी कशाला? मीच त्यांना सांगितलंय ना, माझ्या शब्दावर जाऊ नका म्हणून."

"मग शब्द घरी ठेव," तो म्हणाला. "तू ये."