पहिला गिअर टाकला की मागे

बोदवडच्या हितेंद्रची आजोबांच्या वेळची जीप जळगावात नेमकी योगराजनानांच्या गॅरेजसमोर विव्हळायला लागली. मागून अशी घरघर, की टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला उठली. गॅरेजमधून एक मुलगी आली, जीपखाली शिरली आणि नाकाला ग्रीस लावून बाहेर निघाली.

"मेकॅनिक कुठंय?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासमोर," कामिनी म्हणाली. "मागच्या ॲक्सलमधल्या गोळ्याचे, डिफरन्शियलचे, दाते गेलेत. अख्खा गोळा बदलावा लागेल."

"आणि तो... तुम्हीच बदलणार?"

"नाही, तुमच्या आजोबांना बोलावते!"

झालं! स्वारी हसली ती हसतच राहिली. एवढ्या जुन्या जीपचा गोळा भंगारबाजारात शोधायला तीन दिवस गेले, आणि हे महाशय तिन्ही दिवस बोदवडहून एसटीनं हजर. कशाला? तर गाडीची तब्येत विचारायला! येताना केळी आणायची, स्टुलावर बसायचं, आणि तिनं पाना मागितला की पकड द्यायची. कामिनी वैतागायची. साडेदहाची एसटी उशिरा आली की जास्तच वैतागायची.

तिसऱ्या दिवशी गोळा मिळाला. ती तो बसवत असताना हितेंद्र हळूच म्हणाला, "उद्या धुळ्याला जायचंय... मुलगी बघायला. आबांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलंय."

"छान!" जीपखालून आवाज आला.

छान कसलं, डोंबल! तिला समोरचे बोल्टसुद्धा दिसेनात. कसेबसे आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्रायल न घेता ती घरी निघून गेली.

सकाळी आठलाच हितेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहिला गिअर टाकला... आणि जीप मागे गेली, थेट जुन्या टायरांच्या ढिगात. दुसरा टाकला. तरी मागेच!

"कामिनी!" तिचे वडील, योगराजनाना, ओरडले. "गोळा उलटा बसवला तू! बठ्ठं उलटं शे! आता पुढचे सगळे गिअर मागे नेणार, अन् रिव्हर्स तेवढा पुढे!"

कामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुलटा करायला दोन तास लागतील," ती पुटपुटली.

"धुळ्याची मंडळी अकराला वाट बघतायत," तो म्हणाला. तिच्याकडे बघत जरा थांबला. ती हातावरचं ग्रीस पुसत राहिली. "मग... जातो रिव्हर्समध्येच."

आणि खरंच, जीप रडतकढत फाटकाबाहेर गेली. थांबा म्हणावंसं वाटलं. जाऊ दे, आपलं काय जातंय, असं तिनं मनाला बजावलं. सगळंच जात होतं.

कोपऱ्यावर जीप थांबली. खडाक्‌ आवाज झाला, आणि ती मागे मागे येत पुन्हा टायरांना टेकली.

"पहिला गिअर टाकून बघितला," हितेंद्र म्हणाला. "परत इथंच आणते. काय करू?"

"काल मला काही दिसत नव्हतं," कामिनी म्हणाली. "रडत होते मी! नका जाऊ धुळ्याला. आवडता तुम्ही मला... झालं, सांगितलं!"

"अगं, मग काल नाही का सांगायचं? तीन दिवस एसटीत हाडं खिळखिळी झाली माझी. केळी विकायला येत होतो का मी?"

त्यानं तिथूनच फोन लावला. "आबा, धुळ्याला नाही म्हणून कळवा, माझ्याकडून माफी मागा... गाडी? गाडी चालते, फक्त पुढे जात नाही... हो आबा, तीच. गॅरेजवाली."

नाना घसा खाकरून टायर आवरायला लागले. कामिनी लाजेनं जीपखाली घुसली आणि तिथून हात बाहेर काढला.

"चौदाचा पाना दे."

या वेळी त्यानं बरोबर चौदाचाच दिला.