एका चोकला दोन हात

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट आहे ते गिऱ्हाईकही पळेल.

आणि आधीच सांगून टाकतो, रात्र नव्हती. मंगळवार होता. फेब्रुवारी महिना, दुपारचे दोन. बारांकिया शहर, रेबोलो वस्ती, माझ्या मामाच्या घरामागची पत्र्याची शेड. डोकं भाजून काढणारं ऊन होतं बाहेर. अशा उन्हात माणसाला घाम फुटतो, काटा येत नाही.

मला आला.

माझं नाव एदिल्बेर्तो. सगळे एदी म्हणतात. माझा मामा अबुंदियो पिको बांधायचा. पिको म्हणजे पुरुषभर उंचीचं, भडक चित्रं रंगवलेलं स्पीकरचं कपाट आणि त्याला वाजवणारा, घरी हाताने जोडलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. मामाच्या स्वतःच्या पिकोचं नाव होतं 'एल सोर्दो', म्हणजे बहिरा. बहिरा वाजायला लागला की तीन गल्ल्या पलीकडच्या म्हाताऱ्या उठून नाचायच्या. डोळे मिटूनही आम्ही ओळखायचो, हा बहिराच.

त्याचं गुपित होतं त्याच्या चोकमध्ये. चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं रीळ. विजेतली घूं घूं तो गिळून टाकतो आणि स्पीकरपर्यंत फक्त गाणं पोचतं. दोन हजार चारशे वेढे. तार केसाहून जराशी जाड. दर थराला कागद. हाताने फिरवायचं यंत्र. मामा ते फिरवताना सारखा खोकायचा.

मी मामाकडे अकरा वर्षं शिकलो. शिकलो कसला! कागद कापले, तारेची टोकं खरवडली, कॉफी आणली. चोक गुंडाळायला त्याने मला एकदाही बसू दिलं नाही. एकदाही नाही!

"तुझी तार ढिली बसते," म्हणायचा.

"बसू दिलंस तर घट्ट बसेल ना!"

 यावर तो जिभेने फक्त एक आवाज काढायचा... च्च.

त्या आवाजाचा मला जितका राग यायचा ना, तितका शिवीचा आला नसता.

कार्निव्हलच्या तोंडावर बहिऱ्याचा चोक जळाला. मामाने पुठ्ठ्याचं नवं रीळ कापून ठेवलं, तार आणली, आणि काम सुरू करायच्या आधीच गेला. झोपेत. एकाहत्तर वर्षांचा होता.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस घरात वेदी मांडतात. पांढरी चादर, मेणबत्ती, रोज संध्याकाळी प्रार्थना. मग अंगणात काळी कॉफी आणि डॉमिनो. नऊ दिवस गाणं बंद. नवव्या दिवशी चादर उतरते.

पाचव्या दिवशी निकोलासामामीने मला हाक मारली.

"एदी, चादर उतरली की त्याचं मशीन वाजलं पाहिजे. त्याला मुक्याने नाही पाठवायचं मला."

"वाजेल मामी."

"चोक कोण करणार?"

"मी."

बाजूला मामीचा भाऊ आल्सिदेस बसला होता. डॉमिनोची सोंगटी आपटत म्हणाला, "झालं! आता बहिरा मुकासुद्धा होणार."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. तेव्हाच ठरवलं. हा चोक माझ्याच हातचा होणार. अख्ख्या रेबोलोने ऐकायचं, एदीचा हात कसा आहे ते.

मामा डावरा होता, म्हणून यंत्राचं हँडल डावीकडे होतं. मी ते काढून उजवीकडे बसवलं. समोर दोन डबे ठेवले. शंभर वेढे झाले की मक्याचा एक दाणा या डब्यातून त्या डब्यात. म्हणजे मोजणी चुकायचा प्रश्नच नाही.

चोवीस दाणे झाले. चोक जोडला. बटण दाबलं.

घूंऽऽऽऽऽ...

माझा विश्वास बसेना. चोक काढला, तार उलटी सोडत मोजली.

एक हजार नऊशे.

पाचशे कमी! पाच दाणे! डब्यात तर चोवीस होते. माझी शुद्ध हरपली होती काय मोजताना?

सहाव्या दिवशी पुन्हा बसलो. चहूकडे शांत होतं. मोठ्याने मोजत होतो. साधारण हजाराच्या पुढे गेलो असेन...

च्च.

मान वळवली. मागे कुणी नव्हतं. पाल असेल, म्हटलं. पुढे चालू ठेवलं. चोवीस दाणे. जोडला.

घूंऽऽऽऽऽ...

उलटा मोजला. एक हजार नऊशे. पहिले पाढे पंचावन्न!

मी रीळ भिंतीवर फेकलं. इतका वैतागलो होतो की भीती वाटायला जागाच नव्हती. खरंच सांगतो, तेव्हा भुताबिताचा विचारही मनात आला नाही. फक्त वाटलं, मामा बरोबर बोलायचा. मला जमत नाही.

सातव्या दिवशी आल्सिदेसला बोलावलं.

"तू फक्त दाणे टाक. मोज माझ्याबरोबर."

"काय दिवस आले! इंजिनियरला शंभरपर्यंत मोजता येईना," तो म्हणाला. पण बसला.

दोघांनी मोठ्याने मोजलं. प्रत्येक दाणा त्याने टाकला. चोवीस. जोडलं, तीच घूं. तेव्हा आल्सिदेस म्हणाला, "आण इकडे, मी उलटं मोजतो." त्याने मोजलं. बोटं थांबली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"किती?" मी विचारलं.

"एक हजार नऊशे."

मग म्हणाला, "एदी... मोजत असताना मध्येच तू जीभ वाजवलीस का रे?"

"नाही."

तो टोपी घेऊन उठला. टोमणा न मारता आल्सिदेस घरी गेला, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आता नवी तार एकाच चोकपुरती उरली होती.

आठवा दिवस. मंगळवार. दुपारी दोनला वस्तीची लाईट गेली. पंखे थांबले, फ्रीज थांबले, शेजारचा टीव्ही थांबला. जेवून सगळे आडवे झाले होते. इतकी शांतता रेबोलोत कधी नसते. यंत्राची करकर तेवढी ऐकू येत होती.

कर्र... कर्र... कर्र...

अकरा दाणे झाले. तार छान बसत होती. अगदी शिस्तीत, वेढ्याला वेढा लागून. मला वाटलं, या वेळी जमणार. शपथ घेऊन सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

आणि कानाच्या अगदी मागे...

च्च.

मी थांबलो. यंत्र थांबलं.

पण करकर थांबली नाही.

कर्र... कर्र...

माझा हात हँडलवर होता. हँडल हलत नव्हतं. आवाज येत होता.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मी पेटलो. अकरा वर्षांचा राग एकदम वर आला. मेला तरी सुधारला नाही! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा म्हातारा!

"माझं काहीच बरोबर नसतं ना?" मी ओरडलो. "मग तूच गुंडाळ! हे घे, बस! तूच कर!"

आणि उठलो. अर्धा झालेला चोक तसाच सोडून.

इथेच चुकलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याने पहिला वेढा घातला, त्यानेच शेवटचा घालायचा. मध्येच हात बदलायचा नाही. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा, तार मग कुणाचीच राहत नाही. मी अर्ध्यावर हात काढला. आणि तोंडाने दुसऱ्याला बसवलं.

कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. लिंबाचं सरबत प्यायलो. अर्धा तास बसलो असेन. राग उतरला तशी लाज वाटली, मग परत आलो.

अंगणाच्या दाराशी पोचलो तर आतून...

कर्र... कर्र... कर्र... कर्र...

भराभर. सराईत हाताने फिरवावं तसं.

मी शेडचा पडदा बाजूला केला. आवाज बंद.

शेडमध्ये कुणी नव्हतं.

चोक पूर्ण झाला होता. शेवटचा कागद लागलेला, टोक गाठ मारून बांधलेलं. डब्यात दाणे अकराच होते. बाकीचे वेढे कुणी मोजलेच नव्हते.

हँडल... डावीकडे बसवलेलं होतं.

मागून मामीचा आवाज आला. ती खाटेवरून उठून आली होती.

"झाला वाटतं? पडल्या पडल्या ऐकत होते. छान चालला होता तुझा हात." मग म्हणाली, "पण एवढा खोकत का होतास? सर्दी झाली का?"

  डाव्या हाताचा तळवा ठणकत होता म्हणून बघितला. हँडल फिरवून फिरवून येतो तसा लाल फोड होता त्यावर.

मी उजव्या हाताचा आहे. डाव्या हाताने मी कधी हँडल फिरवलेलं नाही.

नवव्या दिवशी चादर उतरली. अख्खी गल्ली गोळा झाली होती. बटण दाबलं. घूं नाही. काहीच नाही. श्वास रोखल्यासारखी शांतता, आणि मग पहिलं गाणं. बहिरा असा कधीच वाजला नव्हता. बायका रडत नाचल्या. आल्सिदेसने माझ्यासमोर टोपी काढली. लोक मला मिठ्या मारत होते. "एदी, मामाचा हात आलाय तुझ्यात!"

मला ओरडावंसं वाटत होतं.

मामीने हळूच विचारलं, "तूच केलास ना रे?"

"हो," म्हणालो.

त्याला आता सात महिने झाले. तेव्हापासून मी जो चोक गुंडाळतो तो डाव्या हाताने. मोजायला लागत नाही. मुद्दाम वेढ्यावर वेढा चढवून पाहिला, सोडून बघितलं तर सरळ. मुद्दाम दोन हजारांवर थांबायला गेलो, हात थांबला नाही. दोन्ही पाय भिंतीला लावून मागे ओढलं मी स्वतःला. चारशे पुरे झाल्यावरच सुटला. सान्ता मार्तापासून लोक अॅम्प्लिफायर घेऊन येतात. माझ्या नावाचा बोलबाला झालाय.

मागच्या महिन्यात असह्य झालं. मामीला खरं सांगायचं म्हणून सकाळीच गेलो. ती स्वयंपाकघरात मका दळत होती. मी सगळं सांगितलं. अकरा दाणे, हँडल, खोकला, सगळं. वाटलं, पाद्र्याला बोलावेल. नाहीतर मला हाकलून देईल.

मामी दळायची थांबली.

"चव्वेचाळीस वर्षं झोपले मी त्याच्या शेजारी," ती म्हणाली. "चादर उतरल्यापासून हे घर रिकामं आहे. खाट रिकामी, अंगण रिकामं. मला वाटलं, गेला. न सांगता गेला."

मग तिने हात झग्याला पुसले आणि माझा डावा हात हातात घेतला.

"अबुंदियो?" ती म्हणाली.

माझ्या बोटांनी तिचा हात दाबला. दोनदा.

मी दाबला नव्हता.

मामी हसली. नऊ दिवसांत रडली नव्हती, तेव्हा रडली. मी उभाच होतो. हात ओढून घ्यावा असं मनात आलं, पण तिचा चेहरा बघून ओढवला नाही.

आता ती रोज सकाळी माझ्या दुकानात येते. खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसते. काल काय झालं, भाजीवाली काय म्हणाली, आल्सिदेस कसा भांडला, सगळं सांगते. मला नाही. मी खाली मान घालून बसतो. ती गेली की हात कामाला लागतो, आणि संध्याकाळपर्यंत चोक तयार होतो.

माझ्या हातचा एक चोक मला अजून गुंडाळायचाय, त्यासाठी मामाला या हातातून जायला सांगावं लागेल. पण मामी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे, आणि तिला काय सांगू ते मला कळत नाही.