दोन कुलपांचा दरवाजा

एर्मेक मला पहिल्यांदा भेटला तेव्हा गारा पडत होत्या आणि मी कालव्यावरच्या पुराच्या दरवाजाला अंग चिकटवून उभी होते. तो घोड्यावरून उतरला आणि त्याने खोगिरावरचं घोंगडं माझ्या डोक्यावर धरलं.

"गारांना भिता का, एजे?"

"मोठ्या बहिणीला म्हणतात एजे. तुझ्याहून लहानच असेन मी."

"मग भित्र्या धाकटीला काय म्हणू?"

"सैकाल. खालच्या बोझ-आरिक गावाची किल्ली माझ्याकडे असते."

"आणि वरच्या ताश-बाशीची माझ्याकडे," तो हसला. "म्हणजे माझ्याशिवाय तुमचं काही उघडत नाही."

खरंच होतं ते. डोंगरातून चिखलाचा लोंढा सुटला, की कालव्यातून थेट दोन्ही गावांत शिरायचा. दरवाजा उघडला तर तो ओसाड दगडी पात्रात वळतो, पण मग कालव्याचं पाणीही जातं. उघडायचा कुणी, यावर दोन गावं भांडत बसली होती, त्या वर्षी माझे वडील वाहून गेले. मगच दोन्ही पालिका एकत्र बसल्या. कचऱ्याची गाडी एक, धोक्याचा भोंगा एक, दरवाजा एक... आणि त्याला कुलपं दोन. एकट्याने कुणी उघडायचं नाही.

दर मंगळवारी आम्ही दोघं कुलपांना तेल घालायचो.

"डोंगराकडे बघतेस तेवढं माझ्याकडे बघ ना कधी," तो म्हणायचा.

"डोंगर माणसं नेतो. तू काय नेणार?"

"तुला..."

मी मान खाली घालून तेल पुसत बसायचे. मला आता दोन गोष्टींची भीती वाटायला लागली होती.

मे महिन्यातली ती दुपार. मी पालिकेच्या कचेरीत होते. डोंगरावर काळं आभाळ उतरलं, गडगडलं, आणि भोंगा वाजला. मी धावत दरवाजाशी गेले. एर्मेक नेहमी माझ्या आधी पोचायचा. आज नव्हता.

मी माझं कुलूप काढलं. फोन केला... लागेना. कालव्याचं पाणी आधी तपकिरी झालं, मग जड. वरून दगडांवर दगड घासल्याचा आवाज यायला लागला. ओल्या मातीचा तो वास मला लहानपणापासून ओळखीचा. मी धोंडा घेऊन त्याच्या कुलपावर मारत सुटले. बोटं फुटली. कुलूप हललं नाही.

तेवढ्यात पावलं वाजली — वरून नाही, खालून. एर्मेक नवा कोट घालून धापा टाकत येत होता. त्याच्या हातातली किल्ली ओढून मीच कुलपात घातली. दोघांनी मिळून दरवाजाचं चाक फिरवलं. काळा चिखल झाडं, दगड घेऊन आमच्या पायाखालून ओसाड पात्रात गेला.

"खालून कसा आलास?" मी विचारलं.

"तुझ्याच घरी होतो. आई डूल घेऊन आलीये... तुझ्या कानात घालायला. तुला चकित करायचं होतं."

"मागणी घालायला किल्ली घेऊन खाली उतरलास? आज?"

"आभाळ सकाळी स्वच्छ होतं गं."

"माझे वडील गेले त्या दिवशीही होतं."

त्याने मान वळवून डोंगराकडे पाहिलं. मीच म्हणाले, "मी तुझ्या घरी आले तर दोन्ही किल्ल्या वर राहतील. एके दिवशी आपण दोघंही चहा पीत बसू, आणि इथे कुणी नसेल. मी माझी किल्ली सोडणार नाही, एर्मेक."

"नको सोडूस." त्याने आपली किल्ली कोटाला पुसली. "ही माझ्या बहिणीला देतो. ती छतावरून उतरतच नाही, आभाळ बघत असते. मी खाली येतो राहायला."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. तू काय म्हणतेस?"

मी फुटलेली बोटं त्याच्या हातात दिली.

लोंढा ओसरल्यावर दोन्ही कुलपं लावून आम्ही घरी आलो, तर त्याची आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि डबी उघडली. मी तिच्यासमोर बसून कान पुढे केला.

पहिला डूल अडकला आणि वर पुन्हा गडगडलं. दुसरा डूल तिच्या हातातच राहिला. मी कमरेची किल्ली चाचपत उठले; एर्मेक आपली किल्ली घेऊन आधीच दाराशी होता.

"जा," ती म्हणाली. "उरलेला आल्यावर घालते."