दुभाषी

"सांग त्यांना, ताई! शब्द न् शब्द सांग!" धाकटा ओरडला, तेव्हा बाबा नव्या सदऱ्याची बटणं लावत होते... याच लेकाच्या लग्नाला निघायचं म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा भांग पाडून!

"सांग, की वडील वारले असं मी सासरी सांगितलंय. तिथे येऊन हातवारे करू नका म्हणावं. लाज वाटते मला!"

थोरली दोघांच्या मध्ये उभी होती. बाबांना जन्मापासून कान नव्हते, वाचा नव्हती; अक्षरओळखही नव्हती, पण लोकांची पुस्तकं अशी बांधत की पान निखळेल तर शपथ! सहा वर्षांची होती तेव्हापासून त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं बोटांनी त्यांना सांगायचं आणि त्यांच्या बोटांचं बोलणं तोंडाने गिऱ्हाइकाला, हे तिचं काम. लोक कौतुकाने तिला दुभाषी म्हणत. या शब्दाचा अर्थ तिने एकदा एका म्हाताऱ्या मास्तरांना विचारला होता. "दोघांच्या मध्ये उभी राहणारी, बाळ. इकडचं तिकडे, जसंच्या तसं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही हो!" ते व्रत तिने वीस वर्षं पाळलं, बाबांचं बोलणं कोण बोलेल म्हणून आलेली दोन स्थळंही परत पाठवली...

बाबांनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतोय?

आणि तिचे हात खोटं बोलले! "भांडण माझ्याशी आहे. त्याच्या होणाऱ्या बायकोला मी नको नको ते बोलले. माझ्यामुळे आपल्याला लग्नाला येऊ नका म्हणतायत."

धाकट्याने ते हात पाहिले. त्याच घरात वाढलेला तो; लाजेने स्वतः हातांनी बोलणं कधीच सोडलं होतं, तरी त्याला कळलं नसेल होय! क्षणभर उंबरठ्यावर घुटमळला... आणि तडक निघून गेला.

बाबांनी सदऱ्याची बटणं एकेक करून काढली. मग ओठांपाशी दोन बोटं फाकवून तिच्यावर रोखली. दुतोंडी!

त्यानंतर नऊ वर्षं... नऊ वर्षं दुकानात पुठ्ठा, कापड, शिलाई यापुरते त्यांचे हात तिच्याशी बोलले. घरी आले की मांडीवर निपचित पडत. ताट पुढे केलं की बाबा मान खाली घालून जेवत. कितीदा खरं तिच्या बोटांच्या टोकाशी येऊन थांबलं! पण 'तुमच्या लेकाने तुम्हाला जिवंतपणीच मारलंय' हे कुठल्या हातांनी सांगायचं?

एके दुपारी बाबा दुकानातच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं. तिने धाकट्याला फोन केला. "ये," एवढंच म्हणाली.

तो आला, आणि खाटेशी गुडघे टेकून लहान पोरासारखा रडू लागला. "ताई, तूच सांग ना गं त्यांना..."

"नाही रे राजा. माझ्या हातांवर त्यांचा विश्वास उरला नाही."

तेव्हा त्याने आपले गंजलेले हात उचलले. अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून... माझे वडील मेले, असं मी म्हणालो होतो. तुम्हाला लागू नये म्हणून तिने स्वतःवर घेतलं. मी पाहिलं. गप्प बसलो.

बाबांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि मान वळवून थोरलीला शोधलं. तोच हात हवेत उठला, एकटाच! दोन हातांच्या खुणा, त्या एका हाताने कशा पुऱ्या व्हायच्या? तिने धावत पुढे होऊन आपला उजवा हात त्यांच्या हाताला लावला. एक खूण झाली. दुसरी झाली. तिसरी होताना बाबांचे डोळे वाहू लागले...

"काय म्हणाले, ताई?" धाकट्याने विचारलं.

तिने बाबांचा हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले. सगळं आटोपून दोघं घरी परतल्यावर धाकट्याने पुन्हा तेच विचारलं.

"माझ्याशी बोलले रे..." ती म्हणाली. "माझ्याशी!" आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकून, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, ती हमसून हमसून रडली.