होय कोणी दाबायचं?

वाचापट्टीच्या खोक्यात डोक्याला बांधायची पट्टी होती, संगणकाला लावायची डबी होती आणि माहितीचा कागद होता. तो उलगडला तर अख्खं जेवणाचं टेबल झाकलं गेलं. रोहिणीताई दोन दिवस त्याच्याशी झुंजत होत्या.

"'कृपया मस्तक पट्टीस अर्पण करावे.' ऐकलंत का हो? मस्तक अर्पण करा म्हणे! कुणी लिहिलंय मेलं हे!"

शिरीषराव खुर्चीतून नुसते बघत होते. बार्शीच्या एसटी डेपोत एकेकाळी त्यांच्या आवाजानं चालक-वाहक टरकायचे. पक्षाघातानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात कसाबसा चालायचा. समजत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत पोचत नव्हते.

पट्टी ते शब्द वाटेतच पकडणार होती. बोलायचं मनात आलं की मेंदूत बारीक विद्युतलहरी उठतात. त्या पट्टीनं टिपायच्या आणि संगणकानं त्यांवरून वाक्य ओळखून शिरीषरावांच्याच जुन्या आवाजात बोलायचं. पण प्रत्येकाच्या लहरी वेगळ्या, म्हणून आधी यंत्राची शिकवणी. ते अंदाजानं वाक्य दाखवणार. बरोबर असेल तर 'होय'चं बटण दाबायचं, नसेल तर सोडून द्यायचं.

आधी डबीच जुळेना. 'उपकरण सापडले नाही,' पडद्यानं पुन्हा सांगितलं.

"समोर तर आहे! डोळे फुटले का तुझे?" रोहिणीताई कडाडल्या. वायर काढून उलटी खुपसली, तेव्हा कुठे डबीवर निळा दिवा लागला.

'मला चहा हवा,' पडद्यावर उमटलं. शिरीषरावांचा अंगठा बटणाकडे सरकला, थरथरला, घसरला.

"राहू द्या, मी दाबते."

'होय'चे बटण वापरणाऱ्यानेच दाबावे, असं कागदावर ठळक छापलं होतं. रोहिणीताईंनी ते वाचलंही होतं. पण एवढा संसार केला, ह्यांना काय हवं ते आपल्याला कळत नाही होय?

मग काय, यंत्र भराभर शिकलं, बटणाशिवायच बोलू लागलं. 'भाजी छान झालीय,' म्हणू लागलं. 'तू दमलीस, जरा पड,' म्हणू लागलं. रोहिणीताईंना भरून आलं. असं हे जन्मात कधी बोलले नव्हते!

रविवारी बंगळूरहून तन्मयचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, बार्शीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. विकून टाकू आणि तुम्ही दोघं कायमचे इकडे या. काय म्हणता?"

"येतो. तिकडेच बरं," संगणक म्हणाला.

शिरीषरावांनी डावा हात खुर्चीवर दाणदिशी आपटला. परत आपटला.

"बघ आई, बाबा किती खूश झाले!"

रोहिणीताईंनी तो हात ओळखला. चारचौघांत आपण ह्यांच्या वतीनं परस्पर उत्तर दिलं की घरी आल्यावर हे अस्साच हात आपटायचे.

"तन्मय, थांब. कुठे सही करू नकोस."

"अगं, बाबाच तर म्हणाले!"

"ते बाबांचं बोलणं नव्हतं. ते माझं होतं."

खरं तेच होतं. गुडघे कुरकुरत होते, नातीची आठवण यायची, एकटीनं सगळं निभवायची भीती वाटायची. बटण दाबता दाबता त्यांनी यंत्राला नवरा शिकवलाच नव्हता, स्वतःलाच शिकवलं होतं. आणि हा माणूस इतके दिवस आपल्याच आवाजात बायकोचं बोलणं ऐकत बसला होता. रोहिणीताईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी शिकवलेलं सगळं पुसून टाकलं. बटण ह्यांच्या डाव्या अंगठ्याखाली रुमालानं बांधलं आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. "लागू दे कितीही वेळ."

चुकीची वाक्यं आली नि गेली. अखेर 'भाजीत मीठ नाही' उमटलं. अंगठा रखडत गेला आणि बटण दाबलं गेलं. रोहिणीताई रडता रडता हसल्या.

बरेच दिवस असे गेल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "अहो, तन्मयकडे जायचं का? नाही म्हणालात तरी चालेल मला."

एक वाक्य आलं, शिरीषरावांनी सोडून दिलं. दुसरंही सोडलं. तिसऱ्याला अंगठा हलला. संगणक त्यांच्या आवाजात, थांबत थांबत बोलला.

"रोहिणी, तुला जायचंय का?"

तोंडाशी आलेलं 'होय' रोहिणीताईंनी गिळलं. हे घर सोडून खरंच जायचं होतं त्यांना, की नुसती सोबत हवी होती?