लाल ठिपक्याचं कुलूप

यातला एक शब्दही पदरचा नाही. आई, धाकटा भाऊ आणि आमचे मिस्त्री, तिघंही समोर होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवार, भरदुपार.

चालू कारखान्यातली जुनी मशिनं सुटी करून बाहेर काढायची, हा आम्हा दोघा भावांचा धंदा. त्या दिवशी शेडच्या कोपऱ्यातलं एक जुनं प्रेस मशीन काढायचं होतं. ताडपत्रीच्या पडद्यापलीकडे कारखाना धडधडत होता. अलीकडे आम्ही.

ते मशीन आमच्या ओळखीचं होतं. बाबा त्याचीच दुरुस्ती करायचे. आम्ही शाळेत असताना, त्याच्याच पोटात काम करता करता त्यांच्या छातीत कळ आली...

ते तिथेच गेले.

"आई ह्याला सवत म्हणायची, आठवतं?" धाकटा म्हणाला. हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. मशीनमध्ये शिरण्याआधी प्रत्येकाने त्या मशीनच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे बाहेरून कुणी वीज चालू करू शकत नाही. किल्ली आपल्या खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानेच काढायचं.

कुलूप लटकतंय, म्हणजे माणूस आत आहे.

बाबा गेले त्या धावपळीत किल्ली कुणी शोधली नाही. त्यांचं कुलूप कापून टाकलं. किल्ली मात्र त्यांच्या कपड्यांबरोबर घरी आली. आईने ती आजवर जपली.

दुपारपर्यंत आम्ही वरचे भाग उतरवले. नुसता सांगाडा उरला. आम्ही दोघं बाहेर आलो, आपापली कुलपं काढली.

आणि हात तिथेच थांबला...

स्विचवर आणखी एक कुलूप होतं.

जुनं, पितळी. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. सगळ्यांची कुलपं सारखीच, म्हणून बाबांच्या कुलपाला आईने लावून दिलेला.

"कुणाचं आहे?" मिस्त्रींनी विचारलं. "अरे, संध्याकाळच्या आत स्विचही काढायचाय. कटर आणा, कापून टाका."

तेवढ्यात सांगाड्याच्या आतून आवाज आला...

टक... टक... टक.

लोखंडावर पाना आपटल्यासारखा.

आत कुणीच नव्हतं. मी स्वतः वाकून बघितलं. मिस्त्रींनी कटर खाली ठेवला.

"पुन्हा कापायचं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

धाकटा गाडीवरून घरी गेला. किल्ली आणायला सांगितली होती, तो आईलाच घेऊन आला. डोक्यावर ढगळ हेल्मेट, मुठीत किल्ली. ती घाबरली नव्हती. तिने ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"आई, ज्याचं त्यानेच काढायचं असतं," धाकटा पुटपुटला.

"त्यांच्या माघारी सगळं मीच केलंय ना रे? मग हेही करते."

किल्ली फिरली. कुलूप उघडलं.

आई सांगाड्याकडे वळली. आतली टकटक अजून चालूच होती. रोज जेवायला हाक मारावी, तशी म्हणाली,

"अहो, झालं काम. चला घरी."

टकटक थांबली...

ताडपत्री हलली. वारा नव्हता.

मला रडू आवरेना. इतकी वर्षं ते आतच होते, आणि बाहेर या म्हणून त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

गेटवर रिक्षा केली. आई कडेला, अगदी अंग चोरून बसली. मी शेजारी बसायला गेलो, तर म्हणाली, "तू धाकट्याच्या गाडीवरून ये."

आता कुलूप आईच्या उशाशी असतं. उघडंच. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला ती दाराची कडी काढून ठेवते. तिचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता, म्हणून काही बोलत नाही.

पण परवा ती म्हणाली, "हे मला विचारत होते, आता तुझं काम किती राहिलंय?"

तेव्हापासून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.